अक्कांचा सकाळचा प्रश्न

माझ्या पुण्याच्या घरात, संडासात, कमोडच्या पुढ्यात एक बुटकं निळं प्लास्टिकचं स्टूल आहे. पाहुणे ते पाहून बिचकतात. काही भले लोक ते चुकून आत राहिलं असेल म्हणून बाहेर आणून ठेवतात. मी परत आत नेते. हे मला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मिळालंय, असं सांगितलं की बहुतेकांचा प्रश्न तिथंच थांबतो. ज्यांचा थांबत नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कंपनीनं बंगळूरला बदली केली तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती. नवरा पुण्यातच राहणार होता. ऑफिस महादेवपुऱ्यात, म्हणून घरही तिकडंच शोधत होते. त्या शहरात घर बघायला गेलं की मालक ठरावीक प्रश्न विचारतात. मांसाहार करता का, पाहुणे किती येतात, नवरा बरोबर का नाही. दिवसभर ती परीक्षा देऊन मी शेवटच्या घराशी पोचले. तीन मजली घर, जिन्याच्या पायथ्याशी लाल प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेल्या एक ठेंगण्या, रुंद बाई. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मीही पुढं तेच म्हणायला लागले.

“मराठी काय?” त्यांनी विचारलं.

“हो. पुण्याची.”

“सरी, बरं. सकाळी संडासला किती वेळ लागतोय?”

मी चार घरं बघून आले होते. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, “नेम नाही. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. प्रवासात तर बोलूच नका.”

अक्कांनी कंबरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. “दुसरा मजला. मोटर सात वाजता लावतो मी.”

नंतर कळलं की माझ्याआधी एक बँकेतले साहेब येऊन गेले होते. त्यांनी छाती पुढं काढून सांगितलं होतं, “एकदम वेळेवर, घड्याळ लावून घ्या!” त्यांना अक्कांनी घर गेलं म्हणून सांगितलं. “एवढं चांगलं कुणाचंच नसतंय,” त्या मला म्हणाल्या. “पोटाबद्दल खोटं बोलणारा माणूस कशाबद्दल पण खोटं बोलतोय.”

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. तिकडच्या बायकांसारख्या ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलायच्या. लग्न होऊन बंगळूरला आल्या, नवरा सरकारी कारखान्यात होता, त्यानं हे घर बांधलं. मी गेले तेव्हा तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक हुबळीला दिलेली. अक्का तळमजल्यावर एकट्या राहायच्या आणि रोज सकाळी लाल खुर्चीवर बसून, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. मला “झालं?”, दूधवाल्याला “आय्ता?”, आणि पहिल्या मजल्यावरच्या ऋतुजाच्या नवऱ्याला “हुआ?” ऋतुजा नागपूरची, नवरा इंदूरचा, दोघंही संगणकातले.

‘झालं’ म्हटलं की मान हलायची आणि माणूस सुटायचा. ‘नाही’ म्हटलं की पेलाभर गरम पाणी. दुसऱ्या दिवशीही ‘नाही’ असेल तर भिजवलेल्या मनुका. तिसऱ्या दिवशी एरंडेल. तिसऱ्या दिवशी कुणीही ‘नाही’ म्हणाल्याचं मला आठवत नाही, पण तेवढ्यावर सुटका नव्हती, कारण अक्कांना चालीवरून कळायचं. ऋतुजाचा नवरा बिचारा फोन कानाला लावून, महत्त्वाचं बोलणं चालू आहे असं दाखवत जिना उतरायचा. अक्का शांतपणे म्हणायच्या, “फोन उलटा धरलायस बघ.”

जगातल्या सगळ्या बिघाडाचं मूळ त्यांच्या मते एकच होतं. नवरा-बायको भांडतात ते त्यामुळं. साहेब लोक ओरडतात ते त्यामुळं. एकदा मी बेळ्ळंदूरहून दोन तास गाडीत अडकून आले आणि वाहतुकीला शिव्या घालत होते. अक्का म्हणाल्या, “तुंबलेली माणसं सकाळी बाहेर पडली तर रस्ता मोकळा कसा राहील गं?” यावर कुठल्याही तज्ज्ञाला उत्तर देता येईल असं मला वाटत नाही.

स्वतः अक्का मात्र चमत्कारिक होत्या. शिंक यायला लागली की हातातलं काम टाकून आधी खुर्ची गाठायच्या, बसायच्या आणि मग शिंकायच्या. हसू आलं तरी तेच. उभ्यानं हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. रिक्षात बसल्या की प्रत्येक गतिरोधकाआधी ओरडायच्या, “स्वल्प निधान, अण्णा, निधान!” आणि रिक्षावाला हळू झाला नाही तर उतरून चालत यायच्या. पहाटे अंघोळीला म्हणून संडास-न्हाणीत गेल्या की तासभर बाहेर येत नसत. आत बादलीत नळ सोडलेला असायचा आणि बाहेर कपाटावरचा रेडिओ इतक्या जोरात लागलेला असायचा की माझ्या दुसऱ्या मजल्यावर बातम्या ऐकू यायच्या. त्यांना भजनापेक्षा बातम्याच जास्त लागायच्या. आम्ही म्हणायचो, वय झालं, ऐकू कमी येत असेल. पण जिन्यावर दोन पायऱ्या वर कुणी कुजबुजलं तरी त्यांना ऐकू यायचं, हे आम्हीच पाहिलेलं होतं. विसंगती समोर होती, तरी कुणाच्या डोक्यात शिरली नाही.

एका शनिवारी सकाळी मी खाली उतरले तर लाल खुर्ची रिकामी होती. शेजारी पाण्याचा मोठा कॅन दारात निम्मा आत, निम्मा बाहेर. घरातून रेडिओ कोकलत होता. मी आत गेले, रेडिओ बंद केला आणि न्हाणीघराचं दार वाजवलं.

“अक्का?”

“जा तू.”

“झालं का?” मी विचारलं. त्यांना हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते.

मग कडी निघाली. अक्का दाराची चौकट धरून उभ्या होत्या, चेहरा घामानं डबडबलेला.

“कॅन उचललो,” त्या म्हणाल्या. “अंग बाहेर आलंय. रोजचंच आहे, रोज आत सारून बांधतो मी. आज जाईना झालंय.”

“रोजचं म्हणजे कधीपासून?”

“लेक झाल्यापासून.”

त्यांच्या लेकीचा मुलगा कॉलेजात जात होता. मी मनात हिशेब सुरू केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

त्यांना आडवं केलं, पाय उंच ठेवले, तासाभरानं जरा बरं वाटलं. मग गाडी बोलावली. जाताना प्रत्येक गतिरोधकाला आम्ही दोघी मिळून “निधान” ओरडत होतो.

डॉक्टर तरुण होती, कानडी, केस घट्ट बांधलेली, डोळ्यांखाली काळं. ती आणि अक्का कानडीत बोलायला लागल्या. माझं कानडी भाजीवाल्यापुरतं, त्यामुळं अक्का मला प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगत होत्या आणि वर स्वतःचं मत जोडत होत्या.

“बाळंतपणं किती विचारते. सांगितलो एक, पण ते दहासारखं झालं.”

“लघवीला घाई होते का विचारते. या वयात कुणाला होत नाही?”

“संडासला कसं होतंय विचारते.” इथं अक्का ताठ झाल्या. “मला विचारते गं ही! मला!”

मग डॉक्टरनं आणखी एक प्रश्न विचारला. याचं मराठी अक्कांनी केलं नाही. मी म्हटलं, “काय विचारलं?”

“काय नाही.”

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं आणि तोच प्रश्न हिंदीत विचारला. संडास व्हावी म्हणून पुढच्या बाजूनं, आत बोट घालून दाबावं लागतं का? विचारताना तिनं स्वतःचा अंगठा हवेत दाबून दाखवला, डोअरबेल दाबावी तसा. आवाजात जराही फरक नाही.

अक्कांनी पदर नीट केला. तो नीटच होता.

“हौदु,” त्या हळू म्हणाल्या. म्हणजे हो.

मग एकदम मान वर करून डॉक्टरला कानडीत काहीतरी विचारलं. एवढं मला कळलं. ‘तुला कसं कळलं?’

डॉक्टर म्हणाली, तिच्याकडं येणाऱ्या कितीतरी बायका हेच करतात. प्रत्येकीला वाटतं, ही युक्ती आपल्या एकटीची.

अक्कांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. “कितीतरी?” त्या माझ्याकडं वळल्या. “अख्ख्या गल्लीला रोज विचारतो मी! एकीनं तरी सांगितलं? एकीनं?”

“तुम्ही तरी कुठं सांगितलंत?” मी म्हटलं.

“मला विचारलं कुणी?”

तो तासभराचा रेडिओ, तो नळ, ती शिंकेआधीची खुर्ची, सगळं एका जागी येऊन बसलं.

डॉक्टरनं कागदावर चित्र काढून समजावलं. खालचे आधार सैल झालेत, त्यामुळं गर्भाशय खाली उतरलंय. शिवाय योनी आणि संडासची जागा यांच्यात पातळ भिंत असते, ती पुढं फुगलीय. मळ बाहेर जायच्या ऐवजी त्या फुगवट्यात जाऊन बसतो. बोटानं भिंत दाबली की तो वाटेला लागतो. अक्का घरमालकीण होत्या, त्यांना चित्राची गरज नव्हती. “मधली भिंत पोट काढून बसलीय,” त्या म्हणाल्या. “मेस्त्री पाहिजे.”

एक उपाय रबरी रिंगचा होता. ती आत बसवायची, म्हणजे सगळं जागेवर राहतं, ठरावीक काळानं काढून धुवायची.

“आत भाडेकरू ठेवायचा?” अक्का म्हणाल्या. “बेडा, नको. भाडेकरू काय असतात मला माहीताय.” त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, हे मी मनाला लावून घेतलं नाही.

दुसरा उपाय ऑपरेशनचा. खालच्या बाजूनंच, पोटावर चीर नाही. गर्भाशय काढायचं, पुढची आणि मागची भिंत शिवून घट्ट करायची. डॉक्टर पुढं जे म्हणाली त्याबद्दल मला तिचा आदर वाटला. ती म्हणाली, “बाहेर येणारं अंग जाईल. संडासचा त्रास बहुतेकींचा कमी होतो, पण सगळ्यांचा होतोच असं नाही. ऑपरेशन भिंत नीट करतं, कोठा साफ करत नाही. त्यासाठी पाणी, खाणं, औषध बघावं लागेलच. आणि कुंथायचं कायमचं बंद.”

अक्का उठल्या. “बघू,” म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन दाराकडं चालू लागल्या.

आठवडे गेले. अक्का पुन्हा खुर्चीवर बसायला लागल्या, पुन्हा सगळ्यांना विचारायला लागल्या, पण प्रश्नातली धार गेली होती. ऋतुजाचा नवरा एकदा चक्क ‘नहीं हुआ’ म्हणाला आणि त्याला पाणीसुद्धा मिळालं नाही. तो काळजीत पडला. मी अक्कांना स्पष्टच विचारलं, “ऑपरेशनला घाबरताय का?”

“मरायला नाही घाबरत मी,” त्या म्हणाल्या. आजूबाजूला बघितलं, मग म्हणाल्या, “हे बघ. आज माझ्याकडं एक युक्ती आहे. घाण आहे, लाज आहे, पण चालतीय. उद्या तिनं भिंत बांधली, युक्ती गेली, आणि आतलं तरी हललं नाही तर? पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार उघडंना. मग काय करायचं गं मी?”

प्रश्न बरोबर होता. मी उगीच धीर देत बसले नाही. म्हटलं, “हेच जाऊन डॉक्टरला विचारा. मी रजा टाकते.”

दुसऱ्या खेपेला अक्का डॉक्टरच्या समोर बसल्या, पण ऑपरेशनबद्दल अवाक्षर काढलं नाही. पिशवी मांडीवर घेतली, डॉक्टरच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, “आय्ता?”

दारातली नर्स थांबली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टरला आधी कळेना. अक्कांनी पोटावरून हात फिरवून परत विचारलं. सकाळी झालं का?

डॉक्टर हसायला लागली. मग हसू थांबवून तिनं खरोखर विचार केला, आणि म्हणाली, “इल्ला.” नाही झालं. पहाटे ऑपरेशन होतं, घाईत निघाले, नुसत्या कॉफीवर आहे, आणि खरं सांगायचं तर आठवड्यातले निम्मे दिवस असंच.

अक्कांनी मान हलवली. पिशवीतून मनुकांचा डबा काढून टेबलावर ठेवला.

“खरं बोलली,” त्या मला मराठीत म्हणाल्या. “हिच्याकडं करून घेतो.”

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवसापासून अक्का खाटेवरून अख्ख्या वॉर्डाला विचारायला लागल्या, नर्सेसना धरून. हुबळीहून आलेली लेक लाजेनं अर्धी झाली. पण स्वतः अक्कांचं उत्तर अजून ‘नाही’ होतं. डॉक्टरनं गोड पातळ औषध दिलं, पाणी ठरवून दिलं, कमोडवर बसताना पायाखाली बुटकं स्टूल घ्यायला सांगितलं, म्हणजे गुडघे वर येतात आणि वाट सरळ होते. आणि प्रत्येक फेरीत बजावलं, जोर लावायचा नाही. घाई नाही, औषधानं होईल, असं सांगून तिनं घरी सोडलं.

‘जोर लावायचा नाही’ हे अक्कांनी फार मनावर घेतलं. दार ढकलेनात. भाजीवर घासाघीस करेनात. पाण्याचा टँकर उशिरा आला तर आधी त्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं भांडायच्या. आता खुर्चीवर बसून इतक्या हळू बोलल्या की टँकरवाला घाबरून दुसऱ्या दिवशी वेळेआधी आला.

घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी ऑफिसला निघाले तर जिन्यात ऋतुजा आणि तिचा नवरा बसलेले. त्याच्या कानाला फोन नव्हता. दूधवाला फाटकाशी सायकल धरून उभा. “आत गेल्यात,” ऋतुजा कुजबुजली. “स्टूल घेऊन गेल्या.”

तळमजल्याचं दार उघडं होतं. लेकीनं सवयीनं रेडिओ लावला. आतून आवाज आला, “बंद कर ते!”

रेडिओ बंद झाला. नळही बंद होता. त्या घरात सकाळची शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मला एक मीटिंग होती, ती चुकणार हे दिसत होतं, तरी पाय हलेना. त्या बाईची एकुलती एक युक्ती आम्ही काढून घेतली होती, आणि बदल्यात काय दिलं ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

कडी वाजली. अक्का बाहेर आल्या, पदर खोचलेला, एका हातात निळं स्टूल. चेहऱ्यावरून काही कळेना. सगळ्यांना विचारण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता आम्हा इतक्या जणांत एकालाही विचारायचा धीर होईना.

शेवटी ऋतुजाचा नवराच उठून उभा राहिला. “अक्का,” तो घसा खाकरून म्हणाला, “हुआ?”

अक्कांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दूधवाल्याकडं बघितलं.

“झालं,” त्या म्हणाल्या. मग उजवा हात वर करून, पंजा उघडून सगळ्यांना दाखवला. “हात न लावता.”

पुरुषांना यातलं निम्मं कळलं असेल. तरी दूधवाल्यानं सायकलची घंटी वाजवली. लेक रडायला लागली. अक्का उभ्यानं हसल्या, खुर्ची न गाठता.

सगळं तेव्हापासून गोड झालं असं नाही. गोड औषध अजून चालू आहे, आणि अधूनमधून दोन दिवस कोरडे जातात. त्या दिवशी अक्का स्वतःलाच मनुका देतात. पण सकाळचा तास आता पाच-दहा मिनिटांवर आला.

संक्रांत आली तेव्हा अक्कांनी जाहीर केलं की हळदीकुंकू करायचं. त्या स्वतः विधवा, त्यामुळं गल्लीत कुजबुज होणार हे उघड होतं. “तुझ्या नावानं घालू, माझ्या घरात,” त्या मला म्हणाल्या. “आणि ज्यांना नवरा नाही त्यांना पण बोलव. खालचा आधार काय नवऱ्याला विचारून सुटतोय?”

बायका आल्या. मराठी, कानडी, तेलुगू, समोरच्या घरातली बिहारची सून. मी हळदीकुंकू लावलं, ऋतुजानं तीळगूळ आणि तीळ-खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ल वाटलं. मग अक्कांनी पडदा सारला. मागं निळ्या बुटक्या स्टुलांची रास. प्रत्येकीला एकेक वाण. ते कुठं ठेवायचं, पाय कसे घ्यायचे, हे अक्कांनी खुर्चीवर बसून करून दाखवलं. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अक्कांनी त्यांचा जुना प्रश्न विचारला आणि पाठोपाठ नवा, जो त्या डॉक्टरकडून शिकल्या होत्या. अंगठा हवेत दाबून. डोअरबेल दाबावी तसा.

हसणं हळूहळू विरलं. कुणी तीळगूळ बघायला लागली, कुणी स्टुलाची किंमतपट्टी खरवडायला लागली. थोड्या वेळानं बायका उठल्या, चपला घातल्या, स्टुलं काखेत मारून गेल्या. एकजण फाटकापर्यंत गेली आणि परत आली. दोघीतिघी उठल्याच नव्हत्या. त्यातल्या समोरच्या घरातल्या सुनेनं तोंड उघडलं, जिन्यात कुणी ऐकतंय का ते बघितलं आणि परत मिटलं.

अक्का उठल्या, कपाटापाशी गेल्या आणि कितीतरी महिन्यांनी रेडिओ लावला. पूर्ण आवाजात, बातम्या. मग लाल खुर्ची त्या सुनेच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ ओढली.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता सांग.”